आलो गं, आलो

१

त्या घरात शब्द चालायचा तो थोरलीचा. थोरली म्हणजे गोठ्यातली सगळ्यांत जुनी गाय. तिच्यानंतर सासूबाई, सासूबाईंनंतर म्हातारबा, आणि मग उरलेल्यांनी आपापसात ठरवून घ्यायचं, अशी पद्धत होती. पद्धत म्हातारबांनीच घालून दिलेली, त्यामुळे कुरकुर करायची सोय नव्हती.

पसारा बेताचा होता. मागे चराऊ रान, पुढे अंगण, अंगणाच्या अलीकडे घर आणि पलीकडे गोठा. गोठ्यात थोरली, तिची लेक आणि लेकीची कालवड. शेजारच्या कुंपणात शेळ्या. आणि कोंबड्या सगळीकडे, कारण आपल्याला कुठे जायची मनाई आहे हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. काम उजाडायच्या आधी सुरू व्हायचं आणि संपायचं नाव घ्यायचं नाही. पण घरात आदळआपट नव्हती. दमलेली माणसं एकमेकांची चेष्टा करत जेवायची आणि आडवी झाली की लगेच झोपायची.

म्हातारबांचा एक नेम होता. सकाळ-संध्याकाळ धारेच्या वेळी कोपराला बादली अडकवून ते अंगण ओलांडायचे, गोठ्याच्या उंबऱ्याशी थांबायचे, घसा खाकरायचे आणि म्हणायचे, "आलो गं, आलो." ओरडून नाही, भिंतीपलीकडच्या माणसाला सांगावं तेवढंच. आत थोरलीचं रवंथ थांबायचं. म्हातारबा स्टुलावर टेकेपर्यंत तिला पान्हा फुटलेला असायचा आणि सडांतून थेंब गळायला लागलेले असायचे.

"दूध तयार होतं ते वैरणीने," ते सुनेला सांगायचे. "पण गाय ते सोडते ती आपलं माणूस आलं म्हणून."

ही सून म्हणजे नवी. लग्न होऊन आली तेव्हा तिला सगळे 'नवी' म्हणायला लागले. आता पाळणा हलला, पाळण्यातली बबडी रांगायला लागली, तरी ती नवीच राहिली. आली तेव्हा तिला गाईची पुढची बाजू कुठली एवढंच ठामपणे माहीत होतं. बाकी सगळं म्हातारबांनी शिकवलं: सड कसा धरायचा, कपाळ कुशीला कसं टेकवायचं, लाथ येणार हे आधी कसं ओळखायचं. ती आई-बापाविना नातेवाइकांकडे वाढली होती. आज मामाकडे, उद्या काकाकडे. कुणी तिला उपाशी ठेवलं नाही, पण ती कधी येते म्हणून कुणी दाराकडे बघितलंही नाही. ते पहिल्यांदा या घरात झालं. बबडी पाळण्यात रडायला लागली की नवी स्वयंपाकघरातून हाक द्यायची, "आले गं, आले." शब्द म्हातारबांचेच, उचललेले. ती पोचायच्या आधीच बबडी गप्प व्हायची, दाराकडे तोंड करून वाट बघायची, आणि नवीला चालता चालताच पान्हा फुटायचा.

"गाय काय नि बाई काय, पान्हा सारखाच," म्हातारबा म्हणायचे, आणि सासूबाई त्यांना चारचौघांत तोंड आवरायला सांगायच्या.

थंडी सुरू होता होता म्हातारबा गेले. दुपारी जेवून अंग टाकलं ते उठलेच नाहीत. वय झालं होतं, हाल झाले नाहीत, लोक म्हणाले असं मरण यावं. घरच्यांनी रडायचं ते रडून घेतलं. संध्याकाळी धारा होत्याच.

२

थोरलीने पान्हा चोरला.

दुभत्या जनावराने दूध वर ओढून धरलं की त्याला असंच म्हणतात, आणि म्हणणाऱ्याला त्यात नेहमी थोडी गंमत वाटते, कारण चोरणारी आणि जिचं आहे ती एकच. पण त्या घरात गंमत वाटेनाशी झाली. थोरलीची कास तट्ट फुगली. हात लावला की ती लाथ उगारायची. नवीने कोमट पाण्याने शेकलं, तेल लावलं, अंगाई म्हटली. नवऱ्याने बापासारखं उंबऱ्यावर उभं राहून "आलो गं" म्हणून पाहिलं. पण तो आवाजाने आईवर गेला होता. थोरलीने एकवार त्याच्याकडे पाहिलं आणि बादली अंगणात भिरकावली.

गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी कास चाचपून पाहिली आणि उठून हात धुतले.

"अशीच तुंबून राहिली तर सड कायमचे जातील," ते म्हणाले. "जनावर सुकलंय माणसासाठी. दुसऱ्या कुणाला जवळ करते का बघा, नाही तर आटवून टाका."

"आणि आटवल्यावर?" नवीने विचारलं.

डॉक्टरांनी आपली बॅग उचलली. नवऱ्याने अंगणातल्या कोंबड्यांकडे पाहिलं. न दुभणारी म्हातारी गाय बसवून खाऊ घालायची त्या घराची ऐपत नव्हती, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"थोडे दिवस द्या मला," नवी म्हणाली.

नवीच्या अंगात एक कला होती. ती कुणाचीही नक्कल करायची. सासूबाईंचं चष्मा शोधणं, नवऱ्याचं झोपेत रागावणं, डॉक्टरांचं हात धुणं. म्हातारबा स्वतःच फर्माईश करायचे, "माझी कर बघू," आणि ती घसा खाकरून सुरू झाली की तेच आधी हसायचे. ते गेल्यापासून तिने नक्कल केली नव्हती. त्या संध्याकाळी मात्र ती इतकी दमली होती की तिला रडू आणि हसू यांतलं काहीतरी एक यायचंच होतं. ती उंबऱ्याशी थांबली. घसा खाकरला. खर्जात, जरा फाटलेल्या आवाजात म्हणाली, "आलो गं, आलो."

आतलं रवंथ थांबलं. थोरलीचे कान वळले. नवी धावतच स्टुलावर बसली, आणि बादलीच्या तळाशी पहिली धार वाजली तेव्हा तिला खरोखरच रडू कोसळलं.

३

मग घरात आनंदीआनंद झाला. सासूबाई पदराला डोळे पुसत हसल्या. "घराण्याचं नाव काढलंस गं. सून म्हणून आणली आणि ही आलो-गेलो करायला लागली."

"बाबा, चहा घेणार का?" नवरा रोज धार झाल्यावर विचारायचा, आणि नवी खर्जातच उत्तर द्यायची, "आण, आण. साखर जपून घाल."

सुरुवातीला तिने 'आले' म्हणून पाहिलं होतं. तोच खर्ज, तेच खाकरणं, फक्त शब्द आपला, बाईमाणसाचा. थोरली ढिम्म हलली नाही. तिला 'आलो'च लागायचं. एका कान्यासाठी अडून बसणारी गाय, असं नवरा सगळ्यांना कौतुकाने सांगायचा. नवीलाही त्याचं काही वाटेनासं झालं. थोरलीच्या कुशीला कपाळ टेकवून बसलं की ऊब यायची, आत पोटात कुठेतरी चारा गुरगुरायचा, बादलीत फेस चढत जायचा. दिवसभरात एवढाच वेळ तिला कुणी काही मागत नसे. ती सुखात होती आणि तिला ते कळतही होतं.

पहिल्यांदा काय खटकलं ते तिला नीट सांगता आलं नसतं. थोरली तिच्याकडे बघायची नाही. पान्हा सोडताना ती मान वळवायची ती दाराकडे, नवीच्या डोक्यावरून, माणसाचा चेहरा असतो तेवढ्या उंचीवर. आणि शेळ्या. गोठ्यात जायची वाट त्यांच्या कुंपणाला लागून होती, आणि त्यातली एक लबाड म्हातारी शेळी पाय पसरून नेमकी वाटेत बसायची. माणूस आलं की पाय आवरायची, पुढे गेलं की परत पसरायची. नवीने एकदा सहज मागे वळून पाहिलं, तर ती स्वतः पुढे निघून आली होती तरी शेळीचे पाय आवरलेलेच होते. शेळी आणखी जरा थांबली. मान फिरवून काहीतरी जाऊ दिल्यासारखं केलं. मग पाय पसरले.

सवय, नवीने स्वतःला सांगितलं. म्हातारबा सावकाश चालायचे. शेळी त्यांच्या चालीने वेळ मोजते. जनावरं सवयीची गुलाम. तिला हे पटलं, कारण ते पटण्यासारखंच होतं.

४

एका संध्याकाळी उशीर झाला. बबडीने जेवणाची वाटी डोक्यावर पालथी घातली होती. तिला धुऊन, सासूबाईंच्या ओटीत टाकून नवी तशीच पळत गोठ्यात शिरली. घाईत उंबऱ्याशी थांबली नाही की काही बोलली नाही. स्टुलावर बसली, बादली पायात धरली, आणि मग आठवण झाली. आता उठून पुन्हा दारापर्यंत जायचा कंटाळा आला. इथूनच म्हणावं म्हणून तिने तोंड उघडलं.

सडांतून दूध गळत होतं.

ती तशीच बसून राहिली. मग हात आपोआप चालू झाले, कारण दूध सुटल्यावर विचार करत बसायची मुभा नसते. आपण बोललो की नाही? दाराला कडी घातली की नाही हे जसं आठवत नाही, तसं हे आठवेना. रोजच्या कामाचं असंच असतं. हात करून मोकळे होतात आणि डोक्याला खबर नसते.

बादली घेऊन ती घराकडे आली. सासूबाई पायरीवर बबडीला खेळवत बसल्या होत्या.

"आई, मी मघाशी आत जाताना काही बोलले का हो?"

"बोललीस की. नेहमीचंच."

"तुम्ही ऐकलंत?"

"मी काय बहिरी आहे?" सासूबाई बबडीचं नाक पुसत म्हणाल्या. "आज जरा जास्तच घोगरं होतं. घसा धरलाय का तुझा? आणि नीट चालत जा अंधारातून, पाय घासत कशाला जातेस."

नवी पाय घासत गेली नव्हती. ती पळत गेली होती. तिने दूध गाळलं, कॅनमध्ये ओतलं, फडकं पिळून वाळत घातलं. घसा खरंच जरा धरल्यासारखा वाटत होता. तिने गरम पाणी घेतलं आणि सासूबाईंचं ऐकून मफलर गुंडाळला.

५

जिभेला वळण लागलं की ती ऐकत नाही. नवरा जेवायला हाक मारायला आला तेव्हा नवी म्हणाली, "तुम्ही बसा, मी मघाशीच जेवलो."

नवरा पोट धरधरून हसला. नवीही हसली. दुसऱ्या दिवशी ती सासूबाईंना म्हणाली, "मी विसरलोच." तेव्हाही हसू झालं, पण थोडं कमी. तिसऱ्यांदा कुणाच्या लक्षात आलं नाही. नवीच्या आलं.

हे सगळं तिने हसण्यावारी नेलं असतं. पण बबडीचं काहीतरी बिनसलं होतं. रडायला लागली की नवी पूर्वीसारखीच हाक द्यायची, "आले गं, आले," आणि बबडी रडतच राहायची. नवी समोर येऊन उभी राहिली तरी तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करायची. छातीशी धरली की तोंड फिरवायची. आणि नवीचा पान्हा, जो चालता चालता फुटायचा, तो आता बबडीने ओढ ओढ ओढल्यावर कसाबसा यायचा.

"दिवसभर राबतेस, अंगात काही उरायला नको?" सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी तिच्या पुढ्यात जेवण वाढून ठेवलं.

नवीला भीती वाटली. साधी, सरळ भीती. गोठ्यात काही आहे की नाही, याची तिला तेवढी पडली नव्हती. म्हातारबाच येत असतील तर येऊ देत बिचारे, असंही तिच्या मनात येऊन गेलं होतं. त्यांनी जिवंतपणी कुणाचं वाईट केलं नव्हतं. पण आपण हाक दिली आणि आपल्या लेकीने दाराकडे बघितलं नाही, हे तिला सहन होईना. जन्मभरात तिला एवढंच मिळालं होतं.

कालवडीला लस टोचायला डॉक्टर आले तेव्हा तिने आडून आडून विचारलं. जनावर चुकतं का हो, एखादं माणूस आलंय असं समजून?

"आवाजाला चुकतं," डॉक्टर म्हणाले. "पण एक-दोनदाच. रोज रोज नाही चुकत, वहिनी. रोज कुणी येत असेल तरच जनावर रोज वाट बघतं. तुम्ही येता ना रोज?"

"येते की."

"मग झालं तर," डॉक्टर म्हणाले आणि हात धुवायला गेले.

६

तिने ठरवलं की नक्कल बंद. आपण आपल्या आवाजात, आपल्या शब्दात जायचं. थोरलीने घेतलं तर ठीक, नाही तर बसून राहायचं.

पहिल्या संध्याकाळी ती उंबऱ्याशी थांबली, घसा न खाकरता स्वच्छ म्हणाली, "आले गं, आले," आणि आत जाऊन बसली. थोरली दगडासारखी उभी. नवीने कपाळ कुशीला टेकवलं आणि बोलत सुटली. बबडीला दात येतायत. कुंपण मागच्या बाजूने वाकलंय. मला तुझ्याशिवाय मैत्रीण नाही गं, तुला दुसरीकडे जाऊ द्यायचं नाहीये मला, पण मलाही दुसरं कुणी व्हायचं नाहीये. मी आहे ती आहे. गोठ्यात गवताचा उबदार वास होता. शेजारी थोरलीची लेक शेपटी आपटत होती. बाहेरचा उजेड पार गेला, आणि केव्हातरी थोरलीने मोठा सुस्कारा टाकला, मान वळवली, आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. दाराकडे नाही. मग दूध सोडलं.

त्यानंतरचे दिवस सोन्यासारखे गेले. 'आले' म्हटलं की पान्हा. शेळी वाटेतून पाय आवरायची आणि नवी गेली की लगेच पसरायची. नवीचा घसा सुटला. बोलण्यातलं 'जेवलो', 'विसरलो' गळून पडलं. बबडीसुद्धा हळूहळू वळली. स्वयंपाकघरातून हाक आली की तोंड दाराकडे करायची आणि आपल्या दोन दातांनी हसायची. नवऱ्याने चिडवून पाहिलं, "बाबा, चहा?" तर नवीने ओला हात त्याच्या मानेवर ठेवला. तो ओरडला, सासूबाई हसल्या, आणि नवीला वाटलं, सुख म्हणतात ते हेच असावं.

गोठ्याचा आवाज मात्र जरासा बदलला होता. ती उंबऱ्याशी "आले गं, आले," म्हणाली की पाठोपाठ आतून तसंच काहीतरी यायचं, अगदी पुटपुटल्यासारखं. पहिला शब्द बरोबर, दुसरा अडखळत. धडा पाठ करताना पोरं करतात तसं. प्रतिध्वनी, नवी म्हणाली. थंडीने हवा घट्ट झाली की आवाज परत येतो. पेंढ्याने गच्च भरलेल्या गोठ्यात आवाज कधी परत येत नाही हे तिलाही माहीत होतं, पण ते तिने फार ताणून धरलं नाही. आणि पुढे पुढे तो अडखळेनासा झाला, तसं तिचं तिकडे लक्षही जाईना.

७

बबडी किरकिरत होती. दातांनी हिरड्या सुजल्या होत्या, अंग कोमट होतं. तिन्हीसांजा झाल्या तरी ती नवीला सोडेना. "आजची धार मी काढतो, आता तुझ्याच आवाजाची सवय झालीय थोरलीला, लाथ बसली तर खातो," असं नवरा म्हणाला आणि कुंपणाची तार ताणायला तेवढा मागे गेला. नवी आतल्या खोलीत दार लोटून बसली. बबडीला तिने छातीशी घेतलं. पान्हा सहज आला. बाहेर पायरीवर सासूबाई वाटाणे सोलत होत्या, शेंगा फुटल्याचा आवाज येत होता, आणि इतकं शांत वाटत होतं की नवीचे डोळे मिटायला आले.

"आले गं, आले."

अंगणातून. स्वच्छ, जराशा घाईचा आवाज. कुठेही अडखळ नाही.

नवीच्या मनात आलं, आपणच. आपणच बोललो, डोळा लागता लागता. तिने ओठांना हात लावला. गोठ्याचं दार वाजलं. स्टूल सरकलं. मग रिकाम्या बादलीच्या तळावर धारा पडायला लागल्या, एक लांब, एक आखूड, एक लांब, एक आखूड. नवीचा स्वतःचा डावा हात असाच जरा कच्चा होता.

बबडीने दूध सोडलं. मान वळवली, खिडकीकडे पाहिलं आणि हसली.

बाहेर नवऱ्याची पावलं आली, गोठ्यापाशी थांबली. "अगं, मी काढणार होतो ना? बबडी झोपली वाटतं."

"झोपली," गोठ्यातून उत्तर आलं. "तुमची वाट बघत बसले असते तर उजाडलं असतं."

नवरा हसला. त्या हसण्यात काही खोट नव्हती. तो बायकोच्या बोलण्याला हसतो तसाच हसला आणि शिट्टी वाजवत मागे गेला.

नवी उठून खिडकीशी गेली. गोठ्याचं दार अर्धं उघडं होतं. दिव्याच्या उजेडात थोरलीचं पोट दिसत होतं, आणि थोरली डोळे मिटून उभी होती, अगदी समाधानात. तिच्या पोटाखाली दोन गुडघे होते, गुडघ्यांत बादली. एक हात वरखाली होत होता. त्या हाताची बाही कोपराच्या वर सारलेली होती, तीच तशी, दोनदा दुमडून. स्वेटर नवीचा होता. नवीने खाली पाहिलं. तिचा स्वेटर तिच्या अंगात होता. त्या बाईने कपाळ थोरलीच्या कुशीला टेकवलं होतं, त्यामुळे तोंड दिसत नव्हतं. ते दिसायच्या आत नवी खिडकीपासून मागे सरकली.

तिला वाटलं, हाक मारावी. फार काही नाही, "आई, मी इथे आहे," एवढंच. आपला आवाज एकदा घरभर गेला की हे मिटेल. पण सासूबाई घाबरतील, बबडी दचकेल, असं म्हणत ती थांबली. धारांचा आवाज घट्ट होत गेला, मग भरल्या बादलीचा झाला, मग थांबला. दार लागलं. पावलं अंगण ओलांडून यायला लागली. जड बादलीने एका बाजूला कललेल्या बाईची पावलं. पायरीवर सासूबाईंनी "सरकते हं," म्हणून वाट दिली, आणि घरातल्या बोळातून आवाज आला, मायेने नुसता ओथंबलेला.

"आले गं बबडे, आले."

बबडीने दोन्ही हात दाराकडे पसरले. नवीने तिला घट्ट धरलं आणि असेल नसेल तेवढा जीव एकवटून सासूबाईंना हाक मारली. तोंडातून आधी घसा खाकरल्याचा आवाज निघाला. मग खर्जात, जरा फाटलेला, एकच शब्द.

"आलो."

शेंगा सोलायच्या थांबल्या.  मग सासूबाई बोलल्या, आणि त्यांच्या आवाजात इतकं सुख होतं की ऐकणाऱ्यालाही बरं वाटावं.

"आलात होय? बसा बसा. नवी येतेच आहे दूध घेऊन."

बबडीने तिच्या हातांतून अंग सोडवून घेतलं आणि दाराकडे रांगत निघाली.